बंदुकीला २६, लेखणीला २४
(पलूस येथील सभेतील भाषण)



आम्ही चार बुकं शिकलेली, साच्यावर उभी राहणारी माणसं. कवितेवर आम्ही काय बोलणार? पण शिक्षेचा हिशेब आम्हाला कळतो. आज तोच मांडतो.

आपल्या सांगलीत जन्मलेले मोहन रानडे. गोवामुक्तीसाठी त्यांनी शस्त्र धरलं. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. पोर्तुगीज सरकारनं त्यांना शिक्षा ठोकली २६ वर्षांची.

दुसरे टेलो मस्कारेन्हस. गोव्याचे कवी, कायदा शिकलेले, रवींद्रनाथ टागोरांची पुस्तकं पोर्तुगीजमध्ये नेणारे. मुंबईतून ते 'रेसुर्ज गोवा' हे पत्र काढीत. म्हणजे 'गोव्या, पुन्हा ऊठ!' राज्यकर्त्यांच्याच भाषेत राज्यकर्त्यांचं माप काढणारं पत्र. १९५९ मध्ये त्यांना धरलं. शिक्षा २४ वर्षांची!

बंदुकीला २६, लेखणीला २४. फरक अवघा दोन वर्षांचा! जुलमी सरकार लेखणीला किती भितं, ते त्याच्याच तराजूनं सांगितलं. गोळी एकाला लागते. छापलेला कागद खिशातून खिशात जातो; ज्याला अक्षर येत नाही त्याला शेजारचा वाचून दाखवतो. गेटावरचं पत्रक आधी कोण फाडतो, हे तुम्हाला सांगायला नको.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला, पण हे दोघे पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. रानड्यांसाठी सुधीर फडक्यांनी समिती काढली. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ साली पोपना भेटले, तेव्हा त्यांनी रानड्यांच्या सुटकेची गोष्ट काढली. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. मस्कारेन्हस मात्र १९७० मध्ये. भूमी सुटली, आणि तिच्यासाठी लिहिणारा आठ वर्षं मागं राहिला!

ते परक्याचं राज्य होतं, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. १९७५ च्या आणीबाणीत आपल्याच सरकारनं वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवला, पत्रकारांना गजाआड टाकलं.

म्हणून आमचं सांगणं एकच. लिहिल्यापायी कुणी आत गेला, तर तीन सवाल विचारा. लिहिलं काय? कलम कोणतं? मुदत किती? तो आपल्या युनियनवर टीका करणारा असला, तरी विचारा! आणि तो बाहेर येईपर्यंत दर सभेत त्याचं नाव घ्या. ज्याचं नाव घेणारं कुणी नसतं, त्याच्या कोठडीचं कुलूप गंजतं.