ऑफिसात कथा लिहिणारा इंजिनिअर : जॉर्ज साँडर्स

हेडफोन लावलेत ना? आजचा लेखक आपल्याच जमातीतला आहे. इंजिनिअर! नाव जॉर्ज साँडर्स.

जन्म १९५८चा, टेक्सासमधला. वाढला शिकागोजवळ. कोलोरॅडोत भूभौतिकीचं इंजिनिअरिंग केलं आणि तेल शोधायला थेट सुमात्राला गेला. तिथे आजारी पडला, परत आला. मग सिरॅक्युज विद्यापीठात लेखन शिकला, लग्न झालं, दोन मुली झाल्या. घर चालवायला रॉचेस्टरच्या एका पर्यावरण कंपनीत टेक्निकल रायटर झाला. म्हणजे दिवसभर काय, तर रिपोर्ट!

आता खरी गोष्ट ऐका. त्याने सातशे पानांची कादंबरी लिहिली. भारदस्त, जॉइसच्या वळणाची. बायकोला वाचायला दिली आणि थोड्या वेळाने डोकावून पाहिलं, तर ती डोकं धरून बसलेली. संपलं! मग एकदा ऑफिसच्या कॉन्फरन्स कॉलवर कंटाळून त्याने कागदावर चावट यमकांच्या कविता खरडल्या. घरी बायकोने त्या वाचल्या आणि खळखळून हसली. तेव्हा त्याला कळलं, की आपण आपली विनोदबुद्धी दाराबाहेर ठेवून लिहीत होतो.

मग कंपनीच्याच कॉम्प्युटरवर, कामातून वेळ चोरून कथा झाल्या. पहिलं पुस्तक १९९६ला आलं. त्यातली माणसं तोट्यातल्या थीम पार्कमध्ये राबणारी, नोकरी जाईल म्हणून घाबरलेली. भाषा मेमो आणि मीटिंगची. आपण हसतो, आणि पुढच्याच वाक्याला घशात काहीतरी अडकतं.

त्याची पद्धत तर आपल्या डिबगिंगसारखी. तो म्हणतो, कपाळावर एक मीटर आहे असं समजा. आपलंच लिखाण परक्यासारखं वाचा. काटा निगेटिव्हकडे झुकला की तिथे दुरुस्ती. हे पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने.

पहिली कादंबरी 'लिंकन इन द बार्डो' आली २०१७ला, वयाच्या ५८व्या वर्षी. १८६२मध्ये अकरा वर्षांचा मुलगा गेल्यावर अब्राहम लिंकन रात्री त्याच्या थडग्यापाशी जातो, आणि गोष्ट सांगतात तिथली भुतं. तिला बुकर मिळालं. आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांसाठी खास सांगतो, ऑडिओबुकमध्ये तब्बल १६६ आवाज आहेत!

हे सगळं आज का सांगतोय? माझ्या लॅपटॉपवर तीन वर्षं एक कादंबरी पडून आहे. मागच्या महिन्यात ताईला दिली. ती म्हणाली, "छान आहे रे, पण यात तू कुठे आहेस?" दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. मग साँडर्सची ही गोष्ट आठवली. फाइल उघडली, परक्यासारखी वाचली. काटा पहिल्याच पानावर पडला. चाळीस पानं उडवली. उरला एक प्रसंग, रात्री अकराच्या क्लायंट कॉलचा. तो वाचून ताई हसली.

तेवढंच आहे सध्या हातात. पण ते माझं आहे.

तुमच्याकडेही अशी एखादी फाइल असेल, तर आज रात्री उघडा. भेटू पुढच्या भागात!