बेटांच्या सहलीसाठी जहाजाची निवड



समुद्रपर्यटन ही एके काळी केवळ धनिकांची चैन समजली जाई. आज शिक्षक, कर्मचारी आणि शेतकरी कुटुंबेही वर्षभराच्या शिलकीतून लक्षद्वीपच्या सहलीचा बेत आखताना दिसतात. ही निःसंशय समाधानाची गोष्ट होय. मात्र जाहिरातीतील पोहण्याचा तलाव आणि झगमगते भोजनगृह पाहून जहाज निवडणे म्हणजे रंगविलेली शिंगे पाहून बैल विकत घेणे होय. बैलाचे दात तपासावे लागतात. जहाजाचेही तसेच आहे.

पहिला विचार ऋतूचा. नारळी पौर्णिमेपूर्वी समुद्रात नौका न लोटण्याची कोळीबांधवांची रीत अनुभवातून आलेली आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक जीव गेले, हे महाराष्ट्र विसरू शकत नाही. लक्षद्वीपची सहल ऑक्टोबर ते एप्रिल या काळातच करावी. जहाज सुटण्यापूर्वी संकटकाळची कवायत घेतली जाते. ती कंटाळवाणी समजून टाळणे हा आत्मघात होय. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्यालगत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ या जहाजाला अपघात होऊन ३२ जण दगावले. त्यानंतर ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक झाला.

दुसरा विचार उतरण्याच्या सोयीचा. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची आहेत. अनेक ठिकाणी मोठे जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर नांगर टाकते आणि प्रवाशांना हेलकावणाऱ्या छोट्या होडीत उतरावे लागते. सोबत वृद्ध आईवडील वा गुडघेदुखीचा रुग्ण असेल, तर खोलीच्या सजावटीपेक्षा हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. खोली निवडताना जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. बाहेरून येणाऱ्यांना १९६७ च्या नियमांनुसार प्रवेशपरवाना लागतो. तो कोण काढून देणार, याचीही आधीच खात्री करावी.

तिसरा विचार यजमानांचा. आणि तोच बहुधा राहून जातो. सरकारी नोंदीतील ३६ बेटांपैकी केवळ १० बेटांवर वस्ती आहे. सर्व बेटांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस किलोमीटर, तर २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. वाळूत मुरलेल्या पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगतो. उपसा वाढला की विहिरी खारावतात. म्हणूनच २००५ साली कवरत्ती येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा, दररोज एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारण्यात आला. ज्या सहलीत दिवसा बेट पाहून रात्रीचा मुक्काम जहाजावरच असतो, ती या पाण्यावर कमी भार टाकते. लक्षद्वीप प्रशासनाच्या पर्यटनसंस्थेने कोचीहून कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय बेटांसाठी आखलेली ‘समुद्रम्’ ही पाच दिवसांची सहल याच धर्तीची. परंतु एकाच वेळी हजारो प्रवासी लहानशा किनाऱ्यावर उतरले, तर हा लाभ फोल ठरतो. म्हणून जहाजाची प्रवासीसंख्या आणि ते सांडपाणी व कचरा यांची विल्हेवाट कशी लावते, हे अवश्य विचारावे. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापल्याने तेथील प्रवाळ पांढरे पडून मोठी हानी झाली. त्यावर पाय ठेवणे म्हणजे जखमेवर घाव घालणेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. कोचीहून सुटणारी प्रशासनाची प्रवासी जहाजे ही द्वीपवासीयांची एस.टी. आहे. रुग्ण, विद्यार्थी, व्यापारी त्यांतूनच ये-जा करतात. तिकीट काढून ऐनवेळी बेत रद्द करणारा पर्यटक कदाचित एखाद्या रुग्णाची जागा अडवून ठेवतो.

यजमानाच्या रांजणात पाणी किती आहे, हे पाहून ओंजळ पुढे करणे ही आपली जुनी रीत आहे. जहाज निवडतानाही तीच पाळावी.