शाळेतील दुपारचे जेवण आणि पेणच्या वाड्यांतील मुले



पेण म्हटले की गणेशमूर्ती आणि पोहे आठवतात. याच तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात कातकरी व ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. तेथील कित्येक मुलांच्या पोटात दिवसातील पहिले पोटभर अन्न जाते, ते शाळेतील दुपारच्या खिचडीच्या रूपाने.

ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी महाराष्ट्रात ८० टक्के हजेरी भरणाऱ्या मुलास दरमहा तीन किलो तांदूळ घरी नेण्यास मिळे. तो घरातल्या सर्वांच्या पातेल्यात जाई, आणि त्यात गैर ते काय? सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजविलेले अन्नच देण्याचा आदेश दिला. त्यानंतर शाळांत चुली पेटल्या. आज पाचवीपर्यंतच्या मुलास रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. त्यांपैकी सुमारे पाच ग्रॅम प्रथिने वीस ग्रॅम डाळीतून यावयाची असतात. वरण पाणीदार झाले की प्रमाण कागदावरच राहते.

परंतु पेणसारख्या तालुक्यातील खरा प्रश्न निराळा आहे. दिवाळी सरली, भाताची झोडणी आटोपली की वाड्यांतील कुटुंबे घेतलेली उचल फेडण्यासाठी वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मूल आईबापांबरोबर जाते. त्याचे नाव मात्र गावच्या पटावर असते आणि जेवणही तेथेच राहते.

यावर उपाय नाही असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार कोणत्याही मुलास वयानुरूप वर्गात केव्हाही प्रवेश मिळतो. दाखला येण्यास विलंब झाला, या कारणास्तव तो अडविता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धतही राज्यात आहे. हे पत्रक कुटुंब निघण्यापूर्वी हाती पडले तरच उपयोगी. कोणते घर कोणत्या मुकादमाबरोबर जाणार, हे शिक्षकांच्या आधी पंचायत सदस्यांना ठाऊक असते. ती यादी त्यांनी मुख्याध्यापकांकडे पोहोचवावयास हवी. मूल आजीपाशी गावीच राहिले तर दुपारची सोय होते, सकाळ-संध्याकाळची होत नाही. तेथे हंगामी वसतिगृहाचा विचार करावा लागतो.

भट्टीजवळच्या शाळेवरही एक काम येऊन पडते. धान्य पटसंख्येवर मिळते. तेव्हा दहा मुले नव्याने दाखल झाली, तर तांदूळ-डाळीची वाढीव मागणी त्याच महिन्यात नोंदविली गेली पाहिजे. नाहीतर आहे त्याच खिचडीचे वाटे अधिक होतात.