पोट भरते, पण मेंदूचे समाधान?
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



महाड-पोलादपूरच्या कोणत्याही वाडीत आईला विचारा, "मुलगा जेवला का?" ती म्हणेल, "पोटभर भात खाल्ला." या उत्तरात पोटाचा हिशेब आहे, मेंदूचा हिशेब मात्र वेगळा असतो.

प्रथिने वीस अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. जेवणानंतर अमिनो आम्लांमुळे आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते आणि मज्जातंतूमार्फत तृप्तीचा निरोप मेंदूस मिळतो. ल्युसिन हे अमिनो आम्ल थेट मेंदूत सोडले असता उंदीर कमी खातात, असे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

उलट, एखादे आवश्यक अमिनो आम्ल वगळलेले अन्न उंदरांपुढे ठेवले, तर ते खाणे कमी करतात. त्या अमिनो आम्लाचे वाहक रेणू पेशीत रिकामे राहतात व हीच उणिवेची खूण ठरते, असे 2005 च्या संशोधनात मांडले गेले. मेंदू ही खूण किती झटपट ओळखतो, याविषयी मात्र शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

उंदरांवरील निष्कर्ष माणसास जसेच्या तसे लावू नयेत. मुलाला "मला लायसिन हवे" असे सांगता येत नाही. म्हणून ती जाण मोठ्यांनी ठेवावयाची आहे.

सावित्रीच्या खोऱ्यातील भात आणि डोंगरउतारावरील नाचणी व वरी ही आपली मुख्य धान्ये. नाचणीत कॅल्शियम विपुल आहे. परंतु या सर्वांत लायसिन कमी पडते. कडधान्यांत ते भरपूर असते, आणि त्यांतील मेथिओनिनची उणीव धान्ये भरून काढतात. कुळथाची पिठी, वालाचे बिरडे, भातासोबतची सुकट ही आपल्या पूर्वजांची शहाणी योजना होय.

शिक्षक बंधूंनो, शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदळास 20 ग्रॅम डाळ व एकूण 12 ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत. डाळ पातेल्याच्या तळाशी राहिली, तर वरचे पातळ पाणी मिळालेल्या मुलाचे पोट भरेल, पण त्याची वाढ खुंटेल. वाढण्यापूर्वी पातेले तळापासून ढवळणे एवढेसे काम. त्याचे मोल मोठे आहे.

पंचायत सदस्यांनो, भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर वाल उत्तम येतो. मोकाट गुरे त्याचा फडशा पाडतात. कापणीनंतरही गुरे राखण्याचा ठराव गावाने एकदिलाने केला आणि पाळला, तर तो वाल मुलांच्या ताटात पोहोचेल.

तेव्हा आईला यापुढे दुसरा प्रश्न विचारू या: "भाताबरोबर काय खाल्ले?"