कपाटातली डाळिंबं

मंडळी, माझ्या कपाटात हातबॉम्ब आहेत ही आपल्या सोसायटीतली कुजबुज खरी आहे. पण ते सरावाचे, जिवंत नव्हेत! फ्रेंचमध्ये ‘ग्रेनेड’ म्हणजे डाळिंब. माझा लाडका नमुना मिल्स बॉम्बचा, मूळ रचना १९१५ची. बुडाचं आट्यांचं झाकण फिरवलं की आत नुसती पोकळी. ना दारू, ना डिटोनेटर. अंगाला मुद्दाम भोकं पाडलेली. पिन काढून फेकायचं कसं, हे जवान अशांवरच शिकायचे.

मात्र अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजसारख्या मैदानांच्या आसपास सापडलेलं काहीही निकामी समजू नका. भंगार म्हणून ठोकताना माणसं गेलीत. वरून गंजलं तरी आतली दारू मरत नाही. मुलांनो, हात न लावता लांब व्हा, ११२ला फोन करा.

माझी डाळिंबं बघायला रविवारी या, चहा आहेच.