लपलेल्या टपालपेट्यांचा शोध

कांहीं छंद असे असतात कीं, त्यांचें वर्णन ऐकतांच प्रथम हसूं येतें आणि थोडा विचार केल्यावर त्यांत अर्थ आढळूं लागतो. रानामाळांतून एकट्यानें हिंडून लपविलेल्या टपालपेट्या हुडकून काढणें, हा त्यांपैकींच एक होय.

या छंदाचें मूळ इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत आहे. तेथें डार्टमूर नांवाचें ओसाड व दलदलीचें माळरान पसरलेलें आहे. त्यांतील क्रॅनमिअर पूल हें ठिकाण गांठणें पूर्वीं फार कष्टाचें असे. चॅगफर्ड गांवच्या जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें १८५४ सालीं तेथें एक बाटली ठेविली. येथवर पोंचणाऱ्यानें आपल्या नांवाची चिठी तींत टाकावी, एवढाच हेतु. पुढें बाटलीच्या जागीं पेटी आली. येणारे लोक तींत पत्ता घातलेलें पत्र ठेवूं लागले आणि मागून येणारा तें नेऊन टपालांत टाकूं लागला. आज अशा पेट्या खडकांच्या कपारींत दडविलेल्या असतात. प्रत्येकींत एक रबरी शिक्का व एक वही असते. शोधणारा तो शिक्का आपल्या वहींत उमटवितो, आपला शिक्का पेटींतील वहींत उमटवितो, आणि पेटी होती तशी झांकून पुढें जातो.

योगायोग असा कीं, त्याच १८५४ सालीं, १ ऑक्टोबरपासून, हिंदुस्थानांत अखिल देशाचीं टपाल तिकिटें सुरू झालीं. अंतर कितीहि असो, पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा, असा सर्वत्र एकच दर ठरला. त्यापूर्वीं दोनच वर्षें, १८५२ सालीं, टपालखात्यांतील अधिकारी व कादंबरीकार अँथनी ट्रोलप याच्या सूचनेवरून जर्सी बेटांत रस्त्याच्या कडेला टपालपेट्या उभ्या राहिल्या होत्या. म्हणजे एक पेटी दडण्यासाठीं जन्मली, आणि दुसरी वाटसरूच्या डोळ्यांत भरण्यासाठीं.

आज मात्र ही दुसरी पेटीहि शोधावी लागते. नंदुरबार जिल्ह्यांतील शहादें तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, म्हसावद हें मोठें गांव आहे. दक्षिणेस तापीकांठची काळी जमीन, ऊंस, केळी आणि पपईच्या बागा. उत्तरेस डोंगराची भिंत, आणि तीवरून हजार मीटरांहून उंच असलेल्या तोरणमाळाकडे चढणारा घाट. या बाजूस एकट्यानें दुचाकीवर निघून गांवोगांवची टपालपेटी पाहावी, असें कोणीं मनांत आणलें, तर त्याला डार्टमूरच्या नकाशाची गरज पडणार नाहीं. माणसांना विचारावें लागेल. सपाटीवरच्या गांवांत पेटी बहुधा दुकानाच्या फळीआड, फलकामागें किंवा वेलीखालीं सांपडते. डोंगरांत तर भिल्ल व पावरा लोकांचीं घरें निरनिराळ्या टेकड्यांवर विखुरलेलीं. पेटी एका पाड्यांत आणि पत्र लिहिणारा दोन टेकड्यांपलीकडे. तेथें पेटीपेक्षां पायीं फिरणाऱ्या ग्रामीण डाकसेवकाचाच आधार मोठा.

पेटी सांपडली तरी पत्राचा प्रवास संपत नाहीं. म्हसावद या नांवाचेंच दुसरें गांव जळगांव जिल्ह्यांत आहे, आणि साताऱ्याकडील म्हसवडाचें नांवहि कानाला तसेंच लागतें. असा घोटाळा टळावा म्हणूनच श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीनें, टपालखात्यांत असतांना, सहा आंकड्यांची पिनकोड पद्धति सिद्ध केली. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजीं अमलांत आली. परंतु आंकडे गांवाची जागा सांगतात, गांव राहील याची हमी देत नाहींत. सरदार सरोवराच्या पाण्यानें अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील तेहेतीस गांवें बाधित झालीं. अनेक कुटुंबें तळोदें व शहादें तालुक्यांतील नव्या वसाहतींत आलीं. जुन्या पत्त्यावर लिहिलेलें पत्र अशा वेळीं गांवाला नव्हे, माणसाला हुडकीत येतें. आणि तें पोंचतें तें केवळ कोणी तरी त्या माणसाला नांवानें ओळखतो म्हणून.

या शोधांत एक दुष्टचक्रहि दृष्टीस पडतें. पेटी दिसेनाशी झाली कीं लोक पत्र टाकीत नाहींत. पत्रें पडत नाहींत म्हणून पेटी निरुपयोगी ठरते. आणि निरुपयोगी ठरलेली पेटी एक दिवस उचलली जाते. ज्याच्या हातीं दूरध्वनि आहे आणि ज्याच्या गांवीं त्याचा संदेश पोंचतो, त्याला यांत कांहीं गमावल्यासारखें वाटणार नाहीं. पण सातपुड्याच्या दऱ्यांत असे पाडे आहेत कीं, जेथें संदेश मिळविण्यासाठीं टेकडी चढावी लागते. तेथील म्हातारीच्या हातीं पडलेला कागद मात्र पुन्हा पुन्हा वाचून घेतां येतो.

म्हणून डार्टमूरचा नियम येथें उलटा करावयास हवा. तेथें सांपडलेली पेटी पुन्हा झांकून ठेवावयाची. येथें तिच्यावरचा वेल दूर करावयाचा, फलक बाजूस सारावयाचा, झांकण गंजलें असल्यास जवळच्या डाकघरांत कळवावयाचें, आणि निघण्यापूर्वीं आपल्या माणसाच्या नांवें एक कार्ड तींत टाकावयाचें. पेटी उघडणाऱ्या डाकसेवकाला ती रिकामी आढळली नाहीं, तर प्रवास सार्थकीं लागला.