दुभाषी कोणाचा?



संगणकाला यंत्र जोडले की ते चालू लागते, अशी आपली समजूत असते. वास्तविक मध्ये एक दुभाषी बसलेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमची आज्ञा यंत्राला कळेल अशा भाषेत सांगणे, हे त्याचे काम. हा दुभाषी पुरवावा कोणी?

पुष्कळ काळ तो कारखानदाराने पुरवावा, एखाद्याच सिस्टिमपुरता करावा आणि त्याची घडण गुप्त ठेवावी, अशी रीत होती. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला. त्याच्या पाठीराख्यांनी एकेका यंत्राचा स्वभाव ओळखून ड्रायव्हर लिहिले. पण बाजारात नित्य नवी यंत्रे येणार. प्रत्येकासाठी स्वतंत्र दुभाषी कोठवर लिहावा?

तोड निघाली ती यंत्रांचे वर्ग पाडण्यात. १९९६ साली यूएसबीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. त्या व्यवस्थेत यंत्र जोडताच आपला वर्गक्रमांक सांगू शकते: ३ म्हणजे कळफलक वा माउस, ८ म्हणजे पेनड्राइव्हसारखे साठवणीचे साधन, १४ म्हणजे कॅमेरा. कारखाना कोणताही असो, वर्गाची भाषा एकच. २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात वेबकॅमच्या वर्गासाठी असा सामान्य ड्रायव्हर आला आणि प्रमाण पाळणाऱ्या कॅमेऱ्यांना वेगळ्या दुभाष्याची गरज उरली नाही.

अर्थात याला मर्यादा आहेत. सामान्य दुभाषी व्यवहारापुरते बोलतो. यंत्राचे खास गुण त्याला ठाऊक नसतात. काही यंत्रे वर्ग एक सांगतात आणि वागतात भलतेच. त्यांच्यासाठी लिनक्समध्ये अपवादांची यादीच ठेवावी लागली आहे. आणि २५५ हा क्रमांक सांगणारे यंत्र तर 'माझी भाषा माझ्या कारखान्यालाच पुसा' असे म्हणते.

यात आपले काय अडते, असे कोणी विचारील. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ संपले. तिच्यावर चालणाऱ्या जुन्या संगणकांवर लिनक्स घालावे असे एखाद्या शाळेने ठरवले, तर कळफलक, माउस, पेनड्राइव्ह बहुधा बिनतक्रार चालतात. अडते ते गुप्त भाषेच्या प्रिंटरपाशी. यंत्र धडधाकट, पण दुभाषी नाही म्हणून ते अडगळीत जाते. पैसा शाळेचा, आणि यंत्र कधी निकामी ठरावे हे सांगणार कारखानदार!

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की खरेदीच्या वेळी किमतीबरोबर प्रमाणही विचारावे. आयपीपी एव्हरीव्हेअर हे प्रमाण पाळणारा प्रिंटर स्वतंत्र ड्रायव्हरवाचून छापू शकतो. शाळांनी व ग्रंथालयांनी अशी अट मागणीपत्रात घालावी. गिऱ्हाईक मागेल तेव्हाच कारखानदार देईल.